दिवसातून चार आंघोळी

२०२१च्या पावसाळ्यात मी दिवसातून चार वेळा आंघोळ करायचो. फोनवर तरी. फोन वाजला की लेक उचलायची, पलीकडून "सर आहेत का?" असं आलं की माझ्याकडे न बघता सांगायची, "बाबा आंघोळीला गेलेत." सकाळी दहाला, दुपारी दोनला, संध्याकाळी साडेपाचला. सातवीतली पोर. मी तिला हे शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा मी खरोखरच न्हाणीघरात होतो, फोन लगेच बंद झाला, आणि हे उत्तर लागू पडतं हे तिच्या ध्यानात आलं. एकदा वसुलीवाली बाई हसली म्हणे. "फारच स्वच्छ आहेत गं तुझे बाबा." लेकीनं जेवताना सांगितलं. ती हसली, मी हसलो, आई हसली. बायको ताटाकडे बघत राहिली.

मी लग्नाचे फोटो काढतो. साताऱ्यात अठरा वर्षं झाली होती तेव्हा. रोलच्या अखेरच्या दिवसांत शिकलो, डिजिटल आलं तेव्हा पहिलं कर्ज काढलं आणि वेळेच्या आधी फेडलं. त्यामुळे कर्ज हे धंद्यातलं एक हत्यार आहे, ट्रायपॉडसारखं, अशी माझी समजूत झाली होती. २०१९च्या नोव्हेंबरात, तुळशीची लग्नं लागायच्या सुमारास, मी कॅमेऱ्याची नवी बॉडी, दोन लेन्स आणि ड्रोन घेतला. बुकिंगला आलेला मुलाचा मामा बसायच्या आधी विचारायचा, "ड्रोन आहे ना?" अल्बमची पानं किती, फोटो किती, हे नंतर. एका फायनान्स कंपनीकडून साडेपाच लाख काढले, अठरा टक्क्यांनी, छत्तीस हप्त्यांत. हप्ता १९,८८४. थोडे कमी पडले ते माझ्या मंडपवाल्या मित्राकडून घेतले, चाळीस हजार. त्यानं गोदामातल्या खुर्च्या मोजता मोजता गल्ल्यातून काढून दिले. कागद नाही, तारीख नाही.

हिशेब चोख होता. २०२०च्या एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे चौदा लग्नं होती. त्यातली चार दाट तिथीची, म्हणजे त्या दिवशी एकाच वेळी दोन कार्यालयांत माणसं पाठवायची.

मार्चमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. हप्ते लांबवायची मुभा रिझर्व्ह बँकेनं दिली, आधी मे अखेरपर्यंत, मग ३१ ऑगस्टपर्यंत. आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना वाटलं की हे हप्ते माफ झाले. मलाही, खरं सांगायचं तर, तसंच वाटून घ्यायचं होतं. व्याज मात्र चालूच होतं. तीन हप्ते भरून मी साडेपाच लाखांचे पाच लाख साडेचौदा हजार केले होते. सप्टेंबरात बाकी बघितली तर पाच लाख बासष्ट हजार. जवळपास साठ हजार भरून माझं कर्ज बारा हजारांनी वाढलं होतं. पुढे व्याजावरचं व्याज तेवढं परत मिळालं, सतराशे-अठराशे रुपये. ते कशात गेले आठवत नाही.

आईला हे सगळं कळलं ते फार उशिरा. ती माण तालुक्यातली, बहात्तरच्या दुष्काळात चौदा वर्षांची असताना दहिवडीकडं दुष्काळी कामावर खडी फोडलेली. तिनं एकच विचारलं, "दामदुपटीच्या वर तर न्हाई ना गेलं?" मला वाटलं, हा तिचा बोलण्यातला शब्द. नंतर वाचलं तर तो जुना कायदा निघाला. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही, असा हिंदू कायद्यातला नियम, इंग्रजांची कोर्टंही मुंबई इलाख्यात तो मानायची. तरीही १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची कर्जखतं काढून जाळलीच. त्यानंतर चार वर्षांनी शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा आला. माझं खत एका सर्व्हरवर होतं, कुठल्या गावात तेही मला ठाऊक नव्हतं. जाळायचं म्हटलं तरी काय जाळणार? मोबाइल? त्याचाही हप्ता चालू होता.

पण ही गोष्ट फायनान्स कंपनीची नाही. तिनं तिचं काम केलं. ही माझ्या खोटं बोलण्याची गोष्ट आहे.

२०२०च्या ऑक्टोबरात बायकोच्या बांगड्या आणि पाटल्या, साडेतीन तोळे, मी गहाण ठेवल्या. एक लाख वीस हजार मिळाले. तिला सांगितलं, पॉलिशला दिल्यात. सोनाराकडं गर्दी आहे, कारागीर गावाला गेलाय, लॉकडाउनमुळं माल अडकलाय. एक सोनार पॉलिशला आठ महिने कसे लावेल, हा प्रश्न तिनं विचारला नाही, म्हणून मी सुटलो असं समजत होतो.

दरम्यान दुसरी लाट आली. एप्रिल २०२१मध्ये नियम निघाला: लग्न पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकायचं, नाहीतर पन्नास हजार दंड. त्या काळात मी कोरेगावकडं एक लग्न केलं. फोटोग्राफर पंचवीसात धरायचा की नाही यावर मांडवात खल झाला. शेवटी धरायचा ठरला आणि मला आत घ्यायचं म्हणून नवरीच्या एका आत्याला बाहेर गाडीत बसवलं. अक्षता पडताना ती काचेतून बघत होती. तिचा एक फोटो मी काढला. अल्बममध्ये लावला नाही.

आणि मे महिन्यात दुसरंच काम यायला लागलं. जुनी गिऱ्हाइकं फोन करायची, "आमच्या लग्नातला आप्पांचा फोटो आहे का हो तुमच्याकडं? एकट्याचा?" एकट्याचा नसायचाच. आप्पा नेहमी घोळक्यात, फेट्यात, कुणाच्या तरी खांद्यामागं. मग मी मागची माणसं पुसायची, फेटा ठेवायचा की काढायचा ते विचारायचं, पार्श्वभूमी निळी करायची आणि फ्रेम करून द्यायची. साडेतीनशे रुपये. त्या एका महिन्यात एकतीस फ्रेमा केल्या. हसरे चेहरे होते सगळे, लग्नातलेच. ज्यांना फुकट द्यायला हवी होती त्यांच्याकडूनही मी साडेतीनशे घेतले, कारण त्या दिवशी घरात गॅस संपला होता. हे कुणाला सांगितलं नव्हतं आजवर.

वटपौर्णिमा २४ जूनला होती. आदल्या रात्री बायको म्हणाली, "उद्या घालायला बांगड्या हव्यात. पॉलिश झाली नसली तरी चालेल, तशाच आणा."

मी तिला गहाणाची पावती दिली.

ती ओरडली नाही, रडली नाही. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. जे काय सांगायचं ते लेकीमार्फत. "बाबांना म्हणावं, जेवायला वाढलंय." वडाला ती काचेच्या बांगड्या घालून गेली. पाचव्या दिवशी रात्री ती माझी बुकिंगची डायरी घेऊन समोर बसली. पुढची पानं बघितली, तिथं नुसत्या काटलेल्या तारखा. मग तिनं डायरी उलटी केली, मागून पहिलं पान उघडलं, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "लिहा. सगळे. माझ्यापासून लपवलेले आधी."

फायनान्स कंपनी ५,१२,०००. दोन क्रेडिट कार्डं मिळून १,८६,०००. सोन्यावरचं १,२०,०००. पतसंस्था १,१२,०००. ज्यांची लग्नं रद्द झाली त्या नऊ घरांचा ॲडव्हान्स, ६३,०००. मंडपवाला मित्र, ४०,०००. अल्बम छापणारी लॅब २७,०००. शाळेची फी १८,०००. कोपऱ्यावरचं किराणा दुकान ११,४००. बेरीज तिनं केली, मोबाइलवर नाही, हातानं, हातचे वर लिहून. दहा लाख एकोणनव्वद हजार चारशे. मी मनात सात-साडेसात धरून चाललो होतो. म्हणजे मी स्वतःपासूनही साडेतीन लाख लपवले होते.

मग तिनं सोन्याच्या ओळीवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: "चार बांगड्या, दोन पाटल्या. आईनं दिलेल्या." रुपये लिहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्डांची दीड वर्षाची बिलं काढली. धंदा बंद, घरात डाळ-भात, मग पावणेदोन लाखांच्या वर गेलं कशात? व्याज होतंच. महिन्याला साडेतीन टक्के, वर त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. 'मिनिमम ड्यू' म्हणून मी नऊ-साडेनऊ हजार भरत होतो, त्यातले साडेसात हजारांहून जास्त नुसते व्याजात आणि जीएसटीत जात होते. पण मूळ खर्च काय होता? बायको एकेक ओळ वाचत गेली. मेहुण्याच्या मुलाच्या बारशाला चांदीची वाटी-चमचा. लेकीचा वाढदिवस हॉटेलात, ७,२००. चुलतभावाच्या घरभरणीला मिक्सर. भाच्याला दहावीत चांगले मार्क पडले म्हणून मोबाइल. दिवाळीत सगळ्यांना कपडे, आधी कधी घेतले नव्हते तेवढे भारी. तिनं मला विचारलं, "हे कशापायी?" आणि उत्तर तिलाच माहीत होतं. ज्या ज्या घरात आपली ओढाताण कळेल अशी भीती होती, त्या त्या घरात मी जास्त दिलं होतं. अशा ओळींवर तिनं खूण केली. एकाहत्तर हजार रुपये. आपल्याकडे पैसे नाहीत हे कुणाला कळू नये म्हणून केलेला खर्च.

ऋण काढून सण करू नये, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. माझा तर सणही नव्हता. मी ऋण काढून तोंड सांभाळत होतो.

मग आम्ही सांगायला सुरुवात केली. ही कल्पना बायकोची. आधी तिच्या माहेरी. सासूबाईंना मी स्वतः सांगावं असा तिचा हट्ट होता. त्या चहा गाळत होत्या, गाळून झाल्यावर म्हणाल्या, "सोडवून आणाल ना?" म्हटलं आणीन. "मग झालं." किराणावाल्याला सांगितलं की दर शनिवारी पाचशे देईन, आणि नवं सामान रोखीनं नेईन. तो म्हणाला, तुम्ही चार महिने समोरच्या फुटपाथनं जाताय ते मी बघत होतो. शाळेनं तीन भाग करून दिले. ॲडव्हान्सवाल्या नऊ घरांपैकी चौघांनी छोटं लग्न करून मलाच बोलावलं आणि तो वळता झाला. बाकीच्यांना हप्त्यानं परत केला. एका मुलीच्या बापानं पैसे घेताना विचारलं, "तुमचं बरं चाललंय ना?" मी म्हटलं, नाही. चार महिन्यांपूर्वी या प्रश्नाला मी त्याला चहा पाजला असता.

आणि लेकीला सांगितलं की फोन आला तर मला दे.

वसुलीचे फोन त्यानंतरही आले. वर्षभरानं, ऑगस्ट २०२२मध्ये, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीवाल्यांनी फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेनं बजावलं, पण तोवर माझ्या फोनचा जोर ओसरला होता. मी उचलत होतो ना. उचलणाऱ्याला ते कमी फोन करतात, हा माझा अनुभव. कार्डवाल्यांनी एकदा 'सेटलमेंट'चं आमिष दाखवलं: एक लाख दहा हजार एकरकमी भरा, विषय संपवा. मोह झाला होता. पतसंस्थेच्या मॅनेजरनं सावध केलं, की असं केलं तर सिबिलच्या अहवालात खातं 'सेटल्ड' दिसतं, 'क्लोज्ड' नाही, आणि पुढं कर्ज देणारा ते बघूनच तोंड फिरवतो. मी म्हटलं, पुढं कर्ज घ्यायचंय कुणाला? तो म्हणाला, मुलगी उद्या इंजिनिअरिंगला गेली तर? ड्रोन आणि जुनी बॉडी विकली, १,३८,००० आले, ते कार्डांत घातले. राहिलेले त्या डिसेंबरातल्या लग्नांतून. ड्रोन नेणारा पोरगा बावीस-तेवीसचा होता. हप्त्यावर घेतोयस का म्हणून विचारलं तर म्हणाला, नाही, बापानं म्हैस विकली. त्याला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

राजपथावरचा स्टुडिओ सोडला. नऊ हजार भाडं वाचलं. घरातल्या पुढच्या खोलीत पांढरा पडदा लावून पासपोर्ट फोटो, शाळांची ओळखपत्रं, परीक्षेच्या फॉर्मचे फोटो. सीझनमध्ये दुसऱ्या फोटोग्राफरांकडं रोजानं जायचं, दिवसाला अडीच हजार. ज्यांना मी फ्लॅश धरायला शिकवलं त्यांचा मी 'सेकंड' झालो. पहिल्या दिवशी जड गेलं. नंतर कळलं की सेकंडला जेवायला वेळेवर मिळतं.

घरखर्च साडेतेरा हजार ठरला, चार माणसांचा. हा आकडा आईनं खोडून काढला. "साडेतेरा कशाला? दहा लागत्यात." मग दोन महिने घर तिच्या हातात दिलं. लागले तेरा हजार दोनशे. पण ती जे शिकवून गेली त्याला हिशेब नाही. दोडका सोलला की शिरा टाकायच्या नाहीत, तीळ घालून त्यांची चटणी. शिळी भाकरी कुस्करून ताकात, वर लसणाची फोडणी. आठवड्यातून दोनदा हुलगे: एकदा माडगं, एकदा शेंगोळ्या. फ्लॉवरचे दांडे पिठल्यात. आठवडी बाजारात संध्याकाळी सहानंतर जायचं, बायका पाटी रिकामी करायच्या घाईत असतात तेव्हा. पण घासाघीस करायची नाही. "त्येंचं बी घर हाय." गॅसचं सिलिंडर पूर्वी चौतीस दिवस जायचं, ते सत्तेचाळीसवर गेलं, कारण आंघोळीचं पाणी अंगणात बंबावर तापायला लागलं. माळ्यावर पडलेला तांब्याचा बंब. त्यात नारळाच्या शेंड्या, वाळल्या काटक्या आणि माझ्या रद्द झालेल्या अल्बमांचे पुठ्ठे. २०२३च्या मार्चमध्ये सिलिंडर अकराशेच्या पुढं गेला तेव्हा आई बंबाकडं बघून असं हसली, की जणू तिनंच भाव वाढवलाय.

मी लहानपणी शेंगोळ्या खायचो नाही. गरिबाचं खाणं वाटायचं. आता लेकीच्या डब्यात शेंगोळ्या बघून तिच्या मैत्रिणी आपला पास्ता देऊन त्या घ्यायच्या. आईला हा व्यवहार समजला नाही. "त्यो पास्ता गव्हाचाच न्हवं? मग?"

सगळंच असं गोजिरवाणं नव्हतं. काटकसर आणि चिक्कूपणा यांच्यामधली रेघ मी कितीदा तरी ओलांडली. पाहुण्यांसमोर ठेवलेली बिस्किटं मोजली. दिवे बंद करत घरभर फिरायचो, आई अंधारात ठेचकाळली. मोटरसायकलचं सर्व्हिसिंग तीनदा पुढं ढकललं आणि कासला प्री-वेडिंग करायला जाताना यवतेश्वरच्या घाटात चेन तुटली. जोडपं धुक्यात ताटकळत, धुकं निघून गेलं, शूट बुडालं, वर दुरुस्ती ३,४००. आरोग्य विमा मी बंद करायला निघालो होतो, तो बायकोनं हातातून काढून घेतला. लेकीचा चित्रकलेचा क्लास मात्र मी बंद केलाच, महिना पाचशे. तो पुन्हा सुरू करेपर्यंत तिची आवड निघून गेली होती. मागच्या पानांवर हे कुठंच लिहिलेलं नाही.

माझा धंदा असा, की मी रोज दुसऱ्याचं कर्ज बघतो. आधी दिसायचं नाही. आता जेवणाच्या पंगती उठल्या की कार्यालयाच्या ऑफिसात मुलीचा बाप पाकिटं घेऊन बसतो, केटरर, बँड, मंडप, मी, सगळे रांगेत, तेव्हा त्याची बोटं बघितली तरी कळतं. नोटा मोजताना थुंकी लावणारा माणूस निवांत असतो. जो न मोजता गठ्ठा पुढं करतो त्याचे पैसे बहुधा काल आलेले असतात. "आहेर आणू नये" असं पत्रिकेत छापतात हल्ली. चांगलं आहे. पण पूर्वी एक मामा कोपऱ्यात वही घेऊन बसायचा, कुणी एकशे एक दिले, कुणी ताट-वाटी, सगळं टिपायचा, आणि ती वही घरात वीस वर्षं राहायची, कारण ते परत करायचं असायचं. देणं उघड लिहिलेलं असायचं, आणि त्यात कुणाची मान खाली जायची नाही.

२०२२चा सीझन मोठा आला, अडकलेली सगळी लग्नं एकदम. मे महिन्यात सोनं सोडवलं. बायकोनं बांगड्या हातात घातल्या, बघितल्या, आणि म्हणाली, "पॉलिश करायला हवीत." मी बघतच राहिलो. मग ती हसली. अकरा महिन्यांनी. पतसंस्थेचं मार्च २०२३मध्ये संपलं, फायनान्स कंपनीचं सप्टेंबर २०२४मध्ये. ना हरकत दाखला ई-मेलवर आला, स्पॅममध्ये सापडला.

पतसंस्थेचा पिग्मीवाला आता रोज संध्याकाळी घरी येतो. रोजचे शंभर रुपये, बचतीचे. ही पद्धत १९२८मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं काढली. त्या बँकेचं नाव एप्रिल २०२०मध्ये बंद झालं, ती कॅनरा बँकेत विलीन झाली. माझा धंदा बसला त्याच महिन्यात, म्हणून मला तिच्याविषयी उगाच आपुलकी आहे.

राहिला मंडपवाला मित्र.

जो मागत नाही त्याचं देणं शेवटी राहतं, हे लिहितानाही बरं वाटत नाही. त्यानं पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही. पण लॉकडाउनमध्ये मांडवाचं काम माझ्यापेक्षा आधी बुडालं होतं, त्यानं टेम्पोतून कलिंगडं विकली हे मला बाहेरून कळलं होतं. त्याचं गोदाम खालच्या रस्त्याला, म्हणून मी पोवई नाक्याला जायला वरचा रस्ता धरायला लागलो, राजपथ. मोती चौकाजवळच्या टपरीवर आम्ही पंधरा वर्षं रोज पाचला चहा प्यायचो. तिथं जाणं मी २०२०च्या पावसाळ्यात बंद केलं. तो तिथं असणार, आणि तो काही बोलणार नाही, आणि मी चहाचे पैसे द्यायला धडपडणार. लग्नात समोरासमोर आलो तर मी डोळ्याला कॅमेरा लावायचो. फोटोग्राफर असण्याचा हा एक फायदा आहे.

२०२५च्या फेब्रुवारीत चाळीस हजार पाकिटात घालून त्याच्या गोदामात गेलो. तो कनातीची घडी घालत होता. पाकीट घेतलं, उघडून बघितलं, पाचशेच्या ऐंशी नोटा. म्हणाला, "पस्तीस होते."

"चाळीस."

"अरे, पस्तीस. मला आठवतंय ना."

मी डायरी दाखवली, मागचं पान. त्यानं सगळी यादी वाचली, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक ओळीवरची रेघ बघत. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चल, चहा घेऊ."

टपरीवाल्यानं आम्हाला येताना बघितलं आणि हातातला ग्लास पुसायचा थांबला. "मिटलं का?"

"काय मिटलं?" मी म्हटलं.

"भांडण. तुम्ही दोघं एकाच महिन्यात यायचे बंद झाला. मला वाटलं, पैशावरनं काहीतरी झालं."

मी मित्राकडं बघितलं. तो रस्त्याकडं बघत होता. "तू पण?" मी विचारलं. तो म्हणाला, "मला वाटायचं, तू अजून मागशील. माझ्याकडं नव्हते रे. नाही म्हणायला लागलं असतं." मग जरा थांबून, "मी त्या दिवसांत वरच्या रस्त्यानं यायचंच सोडलं. तुझा स्टुडिओ लागायचा."

चार वर्षं तो मला टाळायला खालच्या रस्त्यानं जात होता आणि मी त्याला टाळायला वरच्या.

चहा दोनच झाले. वीस रुपये. त्यानं खिशात हात घातला, पण त्याच्याकडं सगळ्या पाचशेच्याच नोटा होत्या. सुटे माझ्याकडं होते.